कॉम्प्युटर अडलाय, आता विचारू कोणाला?

मागे माझा वायरलेस माऊस अचानक अडखळायला लागला, म्हणजे पॉइंटर दोन बोटं सरकायचा, थांबायचा, मग एकदम उडी मारायचा. सेल बदलला, पॅड बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला, ढिम्म फरक नाही. चॅटबॉटला विचारलं तर त्याने दहा कारणांची यादी हातात दिली, त्यातली सात मी आधीच करून बसलेलो. भावाला फोन केला तर तो म्हणे नवीन घे आणि विषय संपव. शेवटी एक मित्र घरी आलेला, त्याने सीपीयूच्या मागे नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे, डोंगल हार्ड डिस्कच्या केबलला चिकटून का खोचलायस?" (डोंगल म्हणजे माऊसचा यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर.) यूएसबी ३ च्या पोर्ट-केबलमधून जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो आणि असे बरेच माऊस नेमके तिथेच बोलत असतात, इंटेलने यावर २०१२ मध्येच पेपर काढलेला. डोंगल पुढच्या पोर्टला लावला, माऊस सरळ झाला.

गंमत पुढे आहे. नंतर मी त्याच चॅटबॉटला सांगितलं की शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आहे, तर पठ्ठ्याने पहिल्याच ओळीत बरोबर उत्तर दिलं. त्याला सगळं माहीत होतं, फक्त माझं टेबल दिसत नव्हतं, आणि मला ते सांगायचं सुचलं नव्हतं कारण हार्ड डिस्कचा माऊसशी काय संबंध!

तेव्हापासून कोणाला विचारायचं ठरवताना मी दोनच गोष्टी बघतो. समोरच्याला माझं मशीन किती दिसतंय, आणि त्याचं उत्तर चुकलं तर माझं काय जाणार.

सेटिंग, एक्सेलचा फॉर्म्युला, वर्डमध्ये पेज नंबर तिसऱ्या पानापासून कसे सुरू करायचे, एखाद्या एरर मेसेजचा अर्थ काय, असल्या प्रश्नांना एआयच्या जवळपास कोणी येत नाही. रात्री दोनला विचारा, तेच पाचदा विचारा, कंटाळत नाही, स्क्रीनचा फोटो टाकला तरी वाचतो. त्याचा त्रास वेगळाच आहे, तो ठाम आवाजात चुकतो. नसलेला मेनू सांगतो, किंवा दोन व्हर्जन मागे जिथे ऑप्शन होता तिथे पाठवतो आणि आपण शोधत बसतो. यात फार तर वेळ जातो. पण कमांड चालवायला सांगितली की मी थांबतो आणि त्यालाच विचारतो की ही नेमकं काय करते आणि उलटवता येते का. सिस्टम फाइल तपासणारी 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवली तर सहसा काही बिघडत नाही, पण डिस्कचे भाग पाडणाऱ्या 'डिस्कपार्ट'मधलं 'क्लीन' हे निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशन, म्हणजे सी, डी असले भाग, उडवतं आणि नक्की का असं एकदाही विचारत नाही. पेनड्राइव्हचा नंबर २ असेल आणि तुम्ही फोटोंच्या डिस्कचा १ टाकलात की झालं कल्याण.

गुगल आणि व्हिडिओ लोकांना आता जुनाट वाटतात पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ आली की व्हिडिओच लागतो. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडताना एक स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो हे वाचून कळत नाही, तुमच्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून कळतं. फक्त तारीख बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी त्यावरची उत्तरं ढिगाने वर येत राहतात आणि विंडोज ११ मध्ये ती जशीच्या तशी लागू होतीलच असं नाही. आणि एक, कस्टमर केअरचा नंबर सर्च करून कधीच लावू नका, वर जाहिरातीत दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं स्क्रीनभर आलं तर ते खोटंच समजायचं, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो.

आता घरातला किंवा ओळखीतला 'कॉम्प्युटरवाला'. याला मशीन दिसतं, तुम्ही कोण आणि काय खोड्या करता हेही माहीत असतं, त्यामुळे निम्मं निदान तिथेच होतं. लांब असेल तर विंडोजमधलं क्विक असिस्ट आहे, कंट्रोल-विंडोज-क्यू दाबलं की उघडतं, त्याच्याकडचा कोड टाकायचा आणि त्याला तुमची स्क्रीन दिसते. (हेच हत्यार भामटेही वापरतात, तेव्हा समोरून फोन आलेल्या माणसाला स्क्रीन द्यायची नाही, कितीही गोड बोलला तरी.) या मंडळींचा दोष एकच, प्रत्येकाचं एक ठरलेलं औषध असतं. आमच्याकडचं औषध म्हणजे "फॉरमॅट मार". माऊस अडखळतोय, फॉरमॅट मार. प्रिंटर दिसत नाही, फॉरमॅट मार. मारण्याआधी बॅकअप घेतलाय का हे मात्र मारून झाल्यावर विचारतात. शिवाय हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेला असतो, बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हे कुलूप, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती नसेल तर जाणकार काय, कोणीच डेटा काढून देऊ शकत नाही. बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आजच बघून कागदावर उतरवून ठेवा.

वॉरंटीत असेल आणि हार्डवेअरचं दुखणं असेल तर फार डोकं लावायचं नाही, कंपनीलाच फोन. त्यांना तुमचं मशीन दिसत नाही पण सीरियल नंबरवरून आत कुठला पार्ट आहे ते कळतं. मात्र ते कागद बघून वाचत असतात, स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आहे हे तीनदा सांगूनही मला ब्राउझरची हिस्टरी क्लिअर करायला लावली होती. निमूट करायचं, तक्रारीचा नंबर घ्यायचा. मशीन द्यायच्या आधी डेटा काढून घ्या, कारण त्यांची जबाबदारी मशीनची असते, तुमच्या फोटोंची नाही, परत येताना डिस्क कोरी असू शकते.

रिपेअरवाल्याकडे कधी, तर जेव्हा वास येतो, आवाज येतो, पाणी सांडतं किंवा बॅटरी फुगते. इथे गप्पा मारत बसू नका. टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही म्हणजे बॅटरी फुगलेली असू शकते, चार्जर काढा, दाबून बसवायला जाऊ नका. हार्ड डिस्क टक-टक करायला लागली तर लगेच बंद करा. अशा वेळी एआयने किंवा भावाने चेक-डिस्क (डिस्क तपासणारी कमांड) चालवायला सांगितलं तरी चालवायचं नाही, मरणाऱ्या डिस्कला धावायला लावल्यासारखं होतं ते. आणि डेटा काढणं हा वेगळा धंदा आहे, कीबोर्ड बदलणाऱ्याला तो येतोच असं नाही, आधी स्पष्ट विचारा. एसएसडीवरून (फिरणारा भाग नसलेली चिपवाली डिस्क) डिलीट झालेलं तर डेटा काढणाऱ्यालाही सहसा मिळत नाही, कारण ट्रिम नावाची सोय चालू असली की ड्राइव्ह ती जागा स्वतःच साफ करून टाकतो.

कोणाकडेही जा, मॉडेल, विंडोजचं व्हर्जन, मेसेजचा फोटो आणि बिघडायच्या आधी काय बदललं एवढं घेऊन जा. "मी काहीच केलं नाही" हे कोणीही ऐकत नाही, मी पण ऐकत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, कॉम्प्युटर स्लो झालाय. एआय यादी देईल, भाऊ फॉरमॅट म्हणेल, कंपनी रीसेट म्हणेल, रिपेअरवाला एसएसडी म्हणेल आणि तुम्हाला वाटेल हा विकायला बसलाय. कोणाचं ऐकायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीही न करता डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर रिपेअरवाला खरं बोलतोय, फक्त ती मरायला टेकलेली नाही ना एवढं त्याच्याकडून तपासून घ्या. आणि मेमरी ९० च्या वर दिसली तर आधी ब्राउझरचे टॅब मोजा. माझे ६३ निघाले होते.