बोरचा पॉइंट मशीनवर काढून घेतला, त्याचा रिव्ह्यू (पारोळा तालुका)

आमच्या वावरात खाली सगळा काळा पाषाण, यावल-रावेरसारखा तापीकाठचा गाळ नाही, त्यामुळे बोर मारायचा तर सगळा खेळ पॉइंटवर, म्हणजे नेमकी जागा कुठली धरली त्यावर. यावेळी हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याऐवजी जळगावहून रेझिस्टिव्हिटी मीटरवाल्या पोराला बोलावलं. चार लोखंडी सळया एका लाइनीत ठोकतो, बाहेरच्या दोनमधून करंट सोडतो, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतो, अन् बाहेरच्या सळया जसजशा लांब नेतो तसतसं खोलवरचं कळत जातं. जमीन कोरडी ठणठणीत होती तर सळयांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं. अखंड पाषाण करंटला अडवतो, भेगांत पाणी असलं की करंट जातो.

मीटरचा आकडा, म्हणजे जमीन करंटला किती अडवते तो, खाली आल्यावर मी खूश झालो तर तोच म्हणे, "काका, चिकण मातीतही आकडा पडतो, थांबा, अजून एका लाइनीत घेऊ." आणि कागदावर लिहून दिलं की 150 ते 180 फुटांत भेग लागायला पाहिजे, 220 पर्यंत नाही लागली तर माझा अंदाज चुकला समजा अन् बोरची गाडी थांबवा. मला हेच सगळ्यात पटलं.

आधीच्या पाणाड्याचा बोर कोरडा गेला तेव्हा त्यानं सांगितलं, तुमच्या घरात श्रद्धा कमी पडली. याचा मला अजून राग येतो. आमच्या आईनं यावेळीही सप्तशृंगीचं नाव घेऊन नारळ फोडला, पण ती देवीला फूट विचारत नाही, पाणी लागो न लागो चैत्रात गडावर जाणारच. तिच्या श्रद्धेला मी कशाला मीटर लावू? पाणाडी मात्र फुटांत बोलतो, मग ते तपासायलाच पाहिजे ना. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 ला तपासलंच होतं, कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाईप सरकवायचे अन् वरून पाणाड्यांनी जागा सांगायची, बहुतेकांचं अंदाजपंचेच निघालं.

आमच्याकडं 165 ला पाणी लागलं, दीड इंची, दोनची आशा होती पण कपाशीला ठिबकवर पुरतं. 5 पैकी 4 स्टार, रिपोर्ट इंग्रजीत दिला म्हणून एक कापला, शेतकऱ्याला मराठीत द्या राव. बोलवायचं तर कपाशी निघाल्यावर बोलवा, वायर पसरायला सरळ मोकळी लाइन लागते.