बेस्टची डबलडेकर आणि वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर

सुट्टीच्या दिवशी चार वर्षांच्या मुलाला कुठे न्यावे, या प्रश्नाला मुंबईत हल्ली मॉलमधला खेळविभाग हे ठरलेले उत्तर मिळते. तेथे तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात, घरी ढीगभर पायमोजे असूनही नवे विकत घ्यावे लागतात आणि निघताना जी रडारड होते ती वेगळीच. त्यापेक्षा बेस्टच्या वातानुकूलित डबलडेकर बसचा वरचा मजला मला सर्व दृष्टींनी सरस वाटतो. हे परीक्षण त्या बसचे आहे, परंतु वाहतुकीचे साधन म्हणून नव्हे, तर बालमनोरंजनाचे ठिकाण म्हणून. नरिमन पॉइंटला वेळेवर कचेरी गाठायची असणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

मुंबईच्या रस्त्यांवर डबलडेकर १९३७ साली आली. आमच्या पिढीने जिच्या वरच्या खिडकीतून तोंडभर वारा खाल्ला, ती डिझेलवर चालणारी जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी नवी दुमजली बस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) ते नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र या ११५ क्रमांकाच्या मार्गावर धावू लागली होती. नव्या बसच्या खिडक्या बंद असतात, त्यामुळे वाऱ्याचा मामला संपला आहे. मुलांना त्याचे काही वाटत नाही, कारण जे पाहिलेच नाही त्याची हळहळ हा मोठ्यांचा छंद आहे.

या सेवेतील खरी मौल्यवान वस्तू म्हणजे वरच्या मजल्यावरील सर्वांत पुढची, भल्यामोठ्या काचेमागची जागा. ती मिळवायची असेल तर पहिल्याच थांब्यावर, म्हणजे सीएसएमटीलाच बसमध्ये चढावे. ही जागा मिळताच आमच्या चिरंजिवांनी पाण्याच्या बाटलीचे झाकण स्टिअरिंग म्हणून दोन्ही हातांत धरले आणि बस आपण चालवत असल्याचे शेजारच्या आजींना कळवले. तिकीट देण्यासाठी कंडक्टर वर आले, तेव्हा त्यांनी "साहेब, तिकीट?" असे अदबीने विचारले. त्यावर मान न वळवता, रस्त्यावरची नजर न काढता उत्तर मिळाले, "ड्रायव्हरला तिकीट नसतं." कंडक्टरांनी हे म्हणणे पूर्णपणे मान्य केले आणि आम्हा दोघांचीच तिकिटे फाडली. मे २०२५ पासून वातानुकूलित बसचे किमान भाडे पहिल्या पाच किलोमीटरांसाठी १२ रुपये आहे. त्या पैशांत एवढा समजूतदार कर्मचारी भेटणे हे या सेवेचे मोठेच बलस्थान मानावे लागेल.

वरून दिसणारे दृश्य मुलांच्या उंचीला अगदी सोयीचे आहे. एरवी मोठ्यांच्या गुडघ्यांमधून शहर पाहणाऱ्या जिवाला येथे सारे जग डोक्याच्या बाजूने दिसते, आणि त्यातूनच या प्रवासातील एकमेव धोका उद्भवतो. "आई, त्या काकांच्या डोक्यावर मध्येच केस संपलेत," हे वाक्य बंद खिडक्यांच्या बसमध्ये फार स्पष्ट ऐकू येते, आणि तशाच डोक्याचे एक गृहस्थ मागच्याच बाकावर बसलेले असतात. सीएसएमटीच्या प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसला आहे. सिंह हे ब्रिटनचे आणि वाघ हे भारताचे प्रतीक, असे चिरंजिवांच्या वडिलांनी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. ते सारे शांतपणे ऐकून घेतल्यावर प्रश्न आला, "पण ते शू करायला खाली कसे उतरतात?" प्रश्न वाघाचा नसून स्वतःचा आहे, हे अनुभवी पालकांना कळतेच. म्हणून माझी सूचना अशी की, बसमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी हे काम स्थानकावरच, 'मला नाही आली' या घोषणेकडे संपूर्ण दुर्लक्ष करून, उरकून घ्यावे.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. मूल बस चालवू लागले की ते घरातल्या चालकाचीच भाषा वापरते. सिग्नल तोडून धावणाऱ्या एका पादचाऱ्याला आमच्या ड्रायव्हरने काचेतून जे सुनावले, त्यात "डोळे खिशात ठेवलेत का रे?" हा सर्वांत सौम्य भाग होता. वरच्या मजल्यावरील झाडून सगळे प्रवासी त्याच्या वडिलांकडे पाहू लागले आणि वडील एकाएकी मोबाइलमध्ये अत्यंत महत्त्वाचे काहीतरी वाचू लागले.

उणिवा सांगायच्या तर त्या वेळापत्रकापेक्षा शरीरशास्त्राशी अधिक निगडित आहेत. बसला दोन जिने आहेत, परंतु चार वर्षांचे मूल प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून आणि मोठ्याने मोजत उतरते. मोजताना चार हमखास गळतो आणि तो गळल्याचे कोणी सांगितले तर मोजणी वरून पुन्हा सुरू होते. मधल्या थांब्यावर उतरण्याचा विचार म्हणूनच सोडून द्यावा आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटण्याच्या वेळी तर हा उपक्रम करूच नये. शेवटच्या थांब्यावर मात्र कोणाला घाई नसते. तेथे चिरंजीव खालच्या ड्रायव्हरकाकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काका, मी वरून चालवत होतो." काकांनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "तरीच आज स्टिअरिंग हलकं लागत होतं."

एवढी पावती मिळाल्यावर एनसीपीएजवळ समुद्र पाहायला जाण्याचा आमचा बेत अर्थातच रद्द झाला. तेव्हा खर्चाचा अंदाज बांधताना परतीचे तिकीटही ११५ चेच धरावे, कारण हाती घेतलेली बस परत नेऊन सोडल्याशिवाय कोणताही जबाबदार ड्रायव्हर घरी जात नाही.