सेंट्रल लाइनचा संसर्ग: पैसे कातडीवर घालायचे की हबवर?

आयसीयूत सेंट्रल लाइनचे (मोठ्या शिरेत ठेवलेल्या नळीचे) संसर्ग वाढले की खरेदीच्या टेबलावर हमखास दोन कोटेशनं येतात. एक क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या जेलच्या ड्रेसिंगचं, दुसरं नीडललेस कनेक्टर (सुईशिवाय सिरिंज जोडायचं बंद तोंड) आणि भरून आलेल्या फ्लश सिरिंजचं (नळी धुवायच्या सलाईनच्या). दोन्हींमागे चांगले अभ्यास आहेत. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी कोणतं घ्यायचं, हे मात्र ब्रोशर वाचून ठरत नाही. आपल्या युनिटमध्ये जंतू कुठून आत शिरताहेत, त्यावर ते ठरतं.

शिरायच्या मुख्य वाटा दोन. लाइन जिथे टोचली तिथली कातडी ही पहिली. तिथून जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने सरकत शिरेपर्यंत पोचतात. पहिल्या आठवड्यात ही वाट जास्त चालते. दुसरी वाट नळीच्या आतून: हब (नळीचं बाहेरचं तोंड), थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), सलाईन, इंजेक्शन. लाइन जितके दिवस राहते आणि जितक्या वेळा उघडली जाते, तितका तिचा धोका वाढतो. ड्रेसिंग पहिली वाट अडवतं, कनेक्टर दुसरी. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

म्हणून आधी गेल्या सहा महिन्यांतल्या पॉझिटिव्ह केसेस काढा आणि प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: लाइनचा कितवा दिवस आणि जंतू कोणता. बहुतेक केसेस पहिल्या आठवड्यातल्या आणि जंतू स्टॅफिलोकोकस जातीचे (कातडीवर राहणारे) असतील तर संशय कातडीवर. दहाव्या-बाराव्या दिवशी क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर येत असेल तर हब, द्रव आणि हात तपासायचे. भारतातल्या आयसीयूंमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं हे दुसरं चित्रच जास्त दिसतं. आणि बर्कहोल्डेरिया सेपेशिया (द्रवांत, अँटिसेप्टिकमध्येही तगणारा जंतू) एकाच आठवड्यात दोन पेशंटमध्ये निघाला, तर दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवा. मल्टीडोस व्हायल (अनेकदा औषध काढायची कुपी), अँटिसेप्टिकची बाटली, फ्लशसाठी फोडून ठेवलेली सलाईन, सगळं आधी कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवा.

हा तक्ता खरा निघायला कल्चर नीट घेतलेलं हवं. लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, सारखंच रक्त. दोन्हींत तोच जंतू आला आणि लाइनची बाटली किमान दोन तास आधी पॉझिटिव्ह झाली, तर उगम लाइनमध्ये असं मानायला आधार मिळतो. नुसतं लाइनमधून काढलेलं रक्त पॉझिटिव्ह आलं, तर ते हबवरचे जंतूही असू शकतात.

दरही (हजार लाइन-दिवसांमागे किती संसर्ग) जपून वाचा. दहा खाटांच्या आयसीयूत रोज सरासरी सहा लाइन असतील तर महिन्याला 180 लाइन-दिवस होतात. त्यात एकच संसर्ग झाला तरी दर हजारी साडेपाचच्या वर जातो. एका महिन्याच्या आकड्यावर खरेदी करू नये आणि ती यशस्वी झाल्याचं जाहीरही करू नये. निदान सहा महिने बघावं.

कातडीची बाजू

जेलच्या आधी साधी गोष्ट. लाइन टाकताना अजून पोव्हिडोन आयोडीन वापरत असाल तर पहिला खर्च 70 टक्के अल्कोहोलमधल्या 2 टक्के क्लोरहेक्सिडीनवर. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या 11 आयसीयूंत झालेल्या चाचणीत 2,546 पेशंट होते. कॅथेटरच्या (म्हणजे या नळीच्या) संसर्गाचा दर हजार कॅथेटर-दिवसांमागे क्लोरहेक्सिडीनमध्ये 0.28 आणि अल्कोहोलमधल्या आयोडीनमध्ये 1.77 आला. कोरड्या जागी 30 सेकंद चोळा, 30 सेकंद वाळू द्या. जांघेत दोन मिनिटं चोळून किमान एक मिनिट वाळू द्या. घाईत हे वाळणंच राहून जातं.

मग ड्रेसिंग. हेही फ्रान्समधलेच अभ्यास. 2009 साली क्लोरहेक्सिडीनच्या स्पंजने कॅथेटरमुळे होणारे रक्तसंसर्ग हजारी 1.3 वरून 0.4 वर आले. 2012 साली जेलच्या ड्रेसिंगने कॅथेटरचे मोठे संसर्ग 2.1 वरून 0.7 वर आले. 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी दोन महिन्यांवरील पेशंटसाठी हे ड्रेसिंग थेट आवश्यक यादीत घातलं, तर हबवर बसवायच्या अँटिसेप्टिक टोप्या अतिरिक्त उपायांत ठेवल्या. पण ही यादी ज्या युनिट्ससाठी लिहिली, तिथे थ्री-वे उघडा पडलेला नसतो असं गृहीत आहे. आपल्याकडे ते गृहीत धरता येत नाही.

वापरात ड्रेसिंग बिघडतं ते बहुधा गळ्यापाशी. ट्रॅकिओस्टॉमीचा (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राचा) स्राव, घाम, दाढीचे खुंट यांनी कडा सुटतात. (केस क्लिपरने कापा, वस्तरा नको.) जेलचा चौकोन बरोबर टोचलेल्या जागेवर बसायला हवा, तो बाजूला सरकला तर आपण महागडं साधं ड्रेसिंग लावलं. जेलचा कोपरा बोटाने दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर जेल द्रवाने भरलंय, बदला. एरवी सात दिवस चालतं. रक्त येतंय म्हणून खाली गॉज ठेवला तर मात्र दोन दिवसांतच बदलायचं, आणि जेल कातडीला टेकत नसल्यामुळे त्याचे पैसेही वाया.

हबची बाजू

इथे भारतातलाच पुरावा आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच आयसीयूंतल्या सुमारे अकराशे पेशंटच्या चाचणीत थ्री-वेऐवजी स्प्लिट-सेप्टम (चीर असलेल्या पडद्याचे) कनेक्टर आणि एकदाच वापरायची भरलेली फ्लश सिरिंज दिली. दर हजारी 6.40 च्या जागी 2.21 आला. दोन्ही गोष्टी एकत्र बदलल्यामुळे नुसत्या कनेक्टरचा वाटा किती, हे त्यातून सांगता येत नाही. म्हणून कनेक्टर घ्यायचे आणि फ्लश मात्र दिवसभर टेबलावर असलेल्या 100 मिलीच्या बाटलीतून भरायचा, यात अर्थ नाही. भरलेली सिरिंज परवडत नसेल तर 10 मिलीचे सलाईनचे ॲम्प्यूल घ्या: एक ॲम्प्यूल, एक पेशंट, एक वेळ.

थ्री-वेची अडचण बाजूच्या तोंडाशी आहे. टोपी काढून ट्रेमध्ये ठेवली जाते, आतल्या खोबणीत रक्ताचा थेंब राहतो आणि तीच टोपी परत बसते. कनेक्टरचा सपाट माथा पुसता येतो, हा त्याचा खरा फायदा. न पुसता सिरिंज लावली तर तो फायदा गेला. 70 टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने किमान 5 ते 15 सेकंद दाबून चोळायचं आणि वाळू द्यायचं. कनेक्टर सेटबरोबर (सलाईनच्या नळीबरोबर) बदला, 72 तासांच्या आत बदलून काही मिळत नाही. नेहमीचा सेट 96 तासांआधी बदलायची गरज नसते. रक्त किंवा लिपिडचा (शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रवाचा) 24 तासांत, प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाचा 6 ते 12 तासांत बदलायचा.

आणि बाटलीतली सुई. कडक प्लास्टिकची बाटली आपोआप आक्रसत नाही, म्हणून हवेसाठी तिच्या बुडात सुई खुपसली जाते आणि वॉर्डातली हवा न गाळता सलाईनमध्ये जाते. चार देशांतल्या आयसीयूंचा डेटा एकत्र केला तेव्हा उघड्या बाटल्यांकडून आक्रसणाऱ्या बंद पिशव्यांकडे वळल्यावर दर हजारी 10.1 वरून 3.3 वर आला होता. पिशव्या मिळेपर्यंत फिल्टरच्या एअर-व्हेंटचा सेट वापरा. सुई नको.

मग काय घ्यायचं?

बाटल्यांत सुया असतील, थ्री-वेची तोंडं उघडी असतील आणि उशिराचे ग्रॅम-निगेटिव्ह संसर्ग जास्त असतील, तर आधी पिशव्या, मग कनेक्टर आणि फ्लश, जेलचं ड्रेसिंग पुढच्या बजेटात. हब आणि द्रवाची शिस्त बसलेली असून पहिल्या आठवड्यात स्टॅफ येत राहिला, तर ड्रेसिंग आधी. बजेट अगदीच मधलं असेल तर ड्रेसिंग सगळ्यांना न देता जांघेत किंवा ट्रॅकिओस्टॉमीशेजारच्या गळ्यात लाइन असलेल्यांपासून सुरू करता येईल. ही तडजोड आहे, सूचनांमध्ये ती नाही.

कधीकधी तिसरं कोटेशन येतं: मिनोसायक्लिन-रिफाम्पिसिन किंवा क्लोरहेक्सिडीन-सिल्व्हरचा लेप असलेली कॅथेटरं. वरचं सगळं नीट चालू असूनही दर खाली येत नसेल तरच ती घ्या. क्लोरहेक्सिडीनच्या लेपाने क्वचित तीव्र ॲलर्जी होते, त्यामुळे लाइन टाकताच बीपी कोसळलं तर हे कारणही डोक्यात असू द्या.