समलिंगी लग्न कुठे करावं? फ्रान्स, अमेरिका, इंग्लंड, डेन्मार्क

परदेशात राहणाऱ्या मराठी समलिंगी जोडप्याला लग्न ठरवताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. कायद्याचं लग्न कुठे लावायचं ही एक. दुसरी म्हणजे अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी हे सगळं त्यात बसवायचं कसं. या देशांपैकी धर्म आणि सरकार यांची फारकत कुणी पूर्ण केली, कुणी अर्धवट, कुणी केलीच नाही. पण नुसतं फारकत आहे की नाही एवढ्यावरून देश निवडलात तर फसाल. लग्न कायदेशीर करणारी सही तिथे कोण करतं, ते आधी विचारा.

फ्रान्समध्ये ती सही फक्त सरकारची. 1792 पासून तिथे लग्न ही सरकारी बाब आहे. चर्च आणि सरकार वेगळं करणारा प्रसिद्ध कायदा त्यानंतर शतकभराने, 1905 मध्ये आला. त्यामुळे 2013 मध्ये समलिंगी लग्नाचा कायदा झाला तेव्हा रस्त्यावर प्रचंड मोर्चे निघाले खरे, पण चर्चच्या हातातून काढून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिलं लग्न 29 मे 2013 ला मोंपेलियेच्या नगरपालिकेत लागलं. काही मेयरांनी 'आमच्या मनाला पटत नाही' म्हणून सूट मागितली. कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती नाकारली.

प्रत्यक्ष सोहळा छोटा आणि थोडा शाळेतल्यासारखा असतो. तिरंगी पट्टा घातलेला मेयर किंवा त्याचा उपमेयर नागरी संहितेतली कलमं वाचून दाखवतो: एकमेकांचा आदर, एकनिष्ठा, मदत, आधार. दोघांनी 'हो' म्हणायचं, साक्षीदारांनी सह्या करायच्या, झालं. गुरुजींचा नंबर त्यानंतर. नगरपालिकेतलं लग्न झाल्याचा पुरावा न बघता धार्मिक विधी वारंवार लावणाऱ्या कुठल्याही धर्माच्या पुरोहिताला तिथे सहा महिने कैद आणि 7,500 युरो दंड होऊ शकतो. म्हणजे मुहूर्त आधी नगरपालिकेचा विचारावा लागतो! अट एकच जड आहे: दोघांपैकी एकाचा किंवा एखाद्याच्या आईवडिलांचा त्या गावाशी वास्तव्याचा संबंध हवा. नुसतं फिरायला आलेल्यांना हे जमत नाही.

अमेरिकेचा मामला उलटा. घटनेतली 1791 ची पहिली दुरुस्ती, राष्ट्राध्यक्ष जेफरसनने 1802 च्या पत्रात सांगितलेली धर्म आणि सरकार यांच्यातली 'भिंत', हे सगळं शाळकरी मुलांनाही पाठ. आणि तरी लग्नाच्या कागदावर सही करायला पाद्री, रब्बी, गुरुजी, कुणीही चालतो. लायसन्स काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, क्लार्क देतो, लग्न लावणारा सही करून ते परत पाठवतो. आपल्या लोकांना हे सोयीचं आहे, कारण होमाच्या बाजूलाच कायदाही उरकतो. सुप्रीम कोर्टाच्या 26 जून 2015 च्या निकालानंतर समलिंगी जोडप्याला कुठल्याही राज्यात लायसन्स मिळतं. मात्र तपशील राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यावर 24 तास थांबावं लागतं, टेक्ससमध्ये 72. न्यूयॉर्क शहरात लग्न लावायचं तर गुरुजींची शहराकडे आधी नोंदणी हवी. हे मुहूर्ताच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

भिंतीत दार ठेवलं की दारात भांडणं होतात. गुरुजी किंवा पाद्री नाही म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे आणि असावा. क्लार्कला तो नाही. केंटकीतल्या किम डेव्हिस या क्लार्कबाईंनी 2015 मध्ये धर्माचं कारण देऊन लायसन्स अडवली आणि पाच दिवस तुरुंगात काढले. निकालच फिरवा, ही त्यांची मागणी सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये ऐकायलाही घेतली नाही. उद्या निकाल फिरलाच, तर झालेली लग्नं 2022 च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांना मानावी लागतील. नवीन लायसन्स द्यायची सक्ती मात्र त्यात नाही. अमेरिकेत करायचंच असेल तर लांबवू नका, असं मी म्हणेन ते एवढ्यासाठी.

इंग्लंडमध्ये फारकत नाहीच. राजा चर्चचा प्रमुख, 26 बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात. 2013 च्या कायद्याने समलिंगी लग्न आलं आणि त्याच कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडला ते लावायला मनाई ठेवली. बाकीच्या धर्मसंस्थांनी स्वतःहून संमती दिली तरच त्यांच्याकडे लावता येतं. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ सुरुवातीपासून लावतो. तेव्हा रजिस्टर ऑफिसात जा आणि विधी हॉलवर करा. 28 दिवसांची नोटीस, परदेशी नागरिकांसाठी ती 70 दिवसांपर्यंत लांबू शकते.

राष्ट्रीय चर्च असूनही डेन्मार्कने अगदी वेगळं केलं. 1989 मध्ये समलिंगी जोडप्यांची नोंदणी सुरू करणारा तो पहिला देश, आणि 2012 पासून तर लग्न चर्चमध्येही लागतं. एखाद्या पाद्र्याला नको असेल तर तो बाजूला होतो, बिशप दुसरा बघून देतो. चर्चचा कायदाच संसद करते, म्हणून हे एका मतदानात झालं. दोघंही परदेशी असाल, तिथे कायदेशीर प्रवेश असेल, तर सगळ्यात सुटसुटीत देश हाच. सरकारी कार्यालयाकडून ऑनलाइन प्रमाणपत्र घ्यायचं, ते चार महिने चालतं, मग नगरपालिकेत लग्न.

पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोंयकारांना आणखी एक वाट आहे. गोव्यात आजही आधी नागरी नोंदणी कार्यालयात जावं लागतं, ते 1910 च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या कायद्यामुळे. त्या पोर्तुगालने 2010 मध्ये समलिंगी लग्न मान्य केलं. गोव्यातला कायदा आहे तिथेच आहे.

माझं मत विचाराल तर राहत्या देशातच करा. पर्याय असेल तर जिथे सरकारी माणूस सही करतो तो देश निवडा. तिथे नंतर गुरुजी मिळाले नाहीत तरी लग्नाचं काही अडत नाही. विधी हेच लग्न, अशी दोघांची भावना असेल तर अमेरिका.

यातला कुठलाही कागद भारतात लग्न म्हणून चालत नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना बसवायला नकार दिला, पुनर्विचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या. संयुक्त बँक खातं आणि त्यावर जोडीदाराचं नॉमिनेशन चालतं, हे अर्थ मंत्रालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं. वारसा मात्र आपोआप मिळत नाही. पुण्यात फ्लॅट किंवा गावाकडे स्वकष्टाची जमीन असेल, तर लग्नाच्या तयारीतच वकिलाकडून मृत्युपत्र करून त्याची नोंदणी करून घ्या.