डीसीएसचं एमआय-८: ओझं उचलायला शिकवणारं हेलिकॉप्टर

एमआय-१७ हे नाव कोकणाला नवीन नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा वायुदलाने मदतीसाठी रत्नागिरीकडे धाडलेली हेलिकॉप्टरं याच जातीची होती. एमआय-१७ म्हणजे एमआय-८एमटी या रशियन हेलिकॉप्टरचं निर्यातीसाठीचं नाव. डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमधलं एमआय-८एमटीव्ही२ हे मॉड्यूल, म्हणजे त्यात वेगळं विकत घ्यायचं हेलिकॉप्टर, त्याच घराण्यातलं आहे. आपल्या वायुदलातल्या एमआय-१७व्ही५ ला मागे उतरता दरवाजा आणि समोर स्क्रीन आहेत. इथे मात्र मागे दुपाखी दरवाजे आणि समोर काट्यांची घड्याळं. उडण्याचा स्वभाव तोच.

लढाऊ सिम्युलेटर म्हणून हे विकलं जातं, पण ते घ्यावं ओझं वाहण्यासाठी. वजन, हवा आणि धीर यांचा मेळ कसा बसवायचा हे इतकं नीट शिकवणारं दुसरं हेलिकॉप्टर डीसीएसमध्ये आम्हाला दिसत नाही.

डीसीएस वर्ल्ड फुकट आहे. कॉकेशस आणि मारियाना बेटांचे नकाशेही फुकट, हेलिकॉप्टरचे तेवढे पैसे. कोकणचा नकाशा नाही. आपल्या हवेशी सगळ्यात जवळचं म्हणजे मारियाना: समुद्र, कडे, हिरवळ, उष्ण दमट ढग. मिशन एडिटरमध्ये, म्हणजे उड्डाणाचा प्रसंग रचायच्या साधनात, तिथे तापमान ३० अंश आणि हवेचा दाब पाऱ्याचे ७५० मिलिमीटर ठेवा, की पावसाळ्यातला आपला किनारा तयार होतो. हे दोन आकडे बदलल्याशिवाय या मॉड्यूलची परीक्षा होत नाही. प्रमाण हवा १५ अंश आणि ७६० मिलिमीटरची धरतात. त्या तुलनेत आपल्या हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी भरते. म्हणजे चाकं समुद्रकाठच्या वाळूवर टेकलेली असली, तरी पंख्याला आणि इंजिनाला आपण साडेसहाशे मीटर उंचीवर असल्यासारखं वाटतं. रिकाम्या हेलिकॉप्टरला याची फिकीर नसते. पोटात माणसं आणि खाली टांगलेलं सामान असलं की हेच ६ टक्के आडवे येतात.

वाऱ्याच्या बाबतीत एक चूक नवखे हमखास करतात. एडिटरमध्ये वाऱ्याची दिशा तो कुठून येतो अशी भरायची नसते, कुठे जातो अशी भरायची असते. नैऋत्येचा मोसमी वारा हवा असेल तर २२५ नाही, ४५ भरा. मग जमिनीवर धूर ठेवून एकदा खात्री करून घ्या. उलटा भरलात तर शेपटीकडून वारा घेत उतराल आणि दोष मॉड्यूलला द्याल.

इंजिन चालू करणं लांबलचक आहे, पण तर्काला धरून आहे. आधी दोन्ही बॅटऱ्या. मग डोक्यावरच्या सर्किट ब्रेकरच्या रांगा, इंधनाचे पंप, दोन्ही इंजिनांचे इंधन-व्हॉल्व्ह, आणि रोटर ब्रेक सोडलेला आहे ना ते पाहणं. मग छोटं सहायक इंजिन सुरू करायचं. त्याच्या दाबाच्या हवेवर मुख्य इंजिनं एकामागून एक फिरतात. बटण दाबलं की त्या इंजिनाचा इंधन-दांडा लगेच पुढे करायचा. तो विसरलात तर इंजिन नुसतं गरगरतं, पेटत नाही. दोन्ही इंजिनं स्थिरावली की कलेक्टिव्हवरची, म्हणजे उचल कमी-जास्त करणाऱ्या डाव्या हाताच्या दांड्यावरची, मूठ उजवीकडे पूर्ण पिळा आणि पंख्याचे फेरे ९५ टक्क्यांच्या आसपास येऊ द्या. मग जनरेटर जोडा आणि सहायक इंजिन बंद करा. डावं विंडोज बटण आणि होम दाबलं तर हे सगळं आपोआप होतं, पण पहिले आठ-दहा वेळा हाताने करा. पुढे हवेत एखादा दिवा लागला तर तो कशाचा, हे त्यातूनच कळतं. घड्याळावरची रशियन अक्षरं नको असतील तर सेटिंगमधल्या स्पेशल ऑप्शन्समध्ये इंग्रजी कॉकपिट निवडता येतं. मापं मात्र मेट्रिकच राहतात: किलोमीटर, मीटर, मीटर प्रति सेकंद. आपल्याला ती सोयीचीच.

आता उचलणं. मुख्य पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, त्यामुळे कलेक्टिव्ह वर घेतला की नाक डावीकडे वळतं आणि उजवा पेडल द्यावा लागतो. ह्यूई या अमेरिकी हेलिकॉप्टरवर हात बसलेल्यांचा पाय इथे सवयीने चुकीच्या बाजूला जातो. शेपटीचा पंखा सगळं यंत्र डावीकडे ढकलतो, म्हणून तरंगताना ते दोनेक अंश उजवीकडे कलूनच स्थिर राहतं. क्षितिज सरळ करायला गेलात तर बाजूला वाहत जाल. तो कल तसाच राहू द्या.

ट्रिमचं, म्हणजे दांडा आहे त्या जागी धरून ठेवणारं, बटण हा या यंत्राचा प्राण आहे, आणि बहुतेकांची नाराजी इथूनच सुरू होते. बटण दाबून धरा, हेलिकॉप्टर हव्या त्या स्थितीत आणा, बटण सोडा आणि लगेच जॉयस्टिक मधोमध आणा. स्प्रिंगची साधी जॉयस्टिक असेल तर स्पेशल ऑप्शन्समध्ये मधोमध येण्याची वाट बघणारा ट्रिमर निवडा. तो पर्याय नसला तर बटण सोडताच दांड्याचं जुनं आणि नवं दोन्ही एकत्र होतं आणि नाक झटक्यात खाली जातं. बिनस्प्रिंगच्या जॉयस्टिकसाठी वेगळा पर्याय आहे. पेडलला स्प्रिंग नसेल तर पेडलचं ट्रिम बंदच ठेवा.

या मॉड्यूलची खरी किंमत कळते ती उतरताना. वेग ५० किलोमीटरच्या आत असताना ३ ते ४ मीटर प्रति सेकंदापेक्षा जोरात खाली आलात, तर पंख्याने खाली ढकललेली हवा कडेने वर वळून पुन्हा पंख्यातच शिरते. यंत्र थरथरतं, मग दगडासारखं खाली जातं, आणि कलेक्टिव्ह वर ओढला तर आणखी जोरात जातं. सुटायचं तर कलेक्टिव्ह थोडा खाली, नाक पुढे, वेग येऊ द्यायचा. त्याला उंची लागते, आणि झाडांच्या शेंड्यावर ती नसते. म्हणून आधीच १० ला १ असा उतार धरून यावं. दीड किलोमीटर अलीकडे १५० मीटर उंची आणि १२० चा वेग असेल, तर उतरण्याची गती सुमारे ३.३ भरते. त्याच उतारावर वेग ६० वर आणलात की ती आपोआप १.७ होते. धोक्याच्या पट्ट्यात शिराल तेव्हा तुम्ही आधीच हळू उतरत असाल. साधारण ५० वरून ३० वर येताना सगळा सांगाडा हादरतो. ते बिघडलेलं नाही. पुढे जाण्याने पंख्याला मिळणारी फुकटची उचल तिथे संपते आणि लगेच जास्त शक्ती मागावी लागते. हादरा जाणवताच कलेक्टिव्ह बोटभर वर आणि उजवा पेडल बरोबरीने. उशीर झाला तर उतरण्याची जागा शंभर फूट अलीकडेच येते.

टांगलेल्या ओझ्याचा सराव २ टनांपासून करा. रिकामं यंत्र सुमारे ७ टन, सर्वाधिक वजन १३ टन. मधल्या ६ टनांत माणसं, इंधन आणि सामान. इंधन तासाला ६०० ते ७०० किलो जळतं, म्हणून अर्ध्या तासाच्या कामाला टाकी काठोकाठ भरणं म्हणजे उगाच ओझं वाहणं. तार ताणली गेली की तिथेच थांबा आणि पंख्याचे फेरे पाहा. ते ९५ वरून घसरत ९२ च्या खाली जाऊ लागले तर यंत्र नाही म्हणतंय. सामान खाली ठेवा आणि इंधन कमी करून परत या. ओझं झुलू लागलं तर त्याच्या मागे दांडा हलवू नका. तुमची दुरुस्ती त्याच्या झोक्यात मिळते आणि झोका वाढतो. वेग हळूहळू कमी केला की ते आपसूक शांत होतं. समुद्रावर तरंगताना पाण्यावर नजर धरायला काही नसतं. तेव्हा डॉप्लरच्या तरंग-दर्शकावर भिस्त ठेवा: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, तिन्ही सरक एका घड्याळात दिसते.

उणिवा आहेत. मॉड्यूल २०१३ चं आहे आणि आजच्या अपॅचीशेजारी आतली रंगसंगती जुनी दिसते. सामान उचलण्याची पद्धत मेनूमधून चालते आणि ओबडधोबड आहे. शस्त्रं म्हणजे मुख्यतः रॉकेटच्या नळकांड्या, बाहेर टांगलेले तोफेचे पॉड आणि दारातले बंदूकधारी. नेम साध्या काचेतून. एका जागी बसलेल्या शत्रूवर रॉकेटचा सडा टाकायला ते पुरतं, रणगाडा शोधून टिपायचा असेल तर एमआय-२४पी किंवा एएच-६४डी (अपॅची) घ्या. मालवाहतुकीतच आणखी मोठं हवं असेल तर सीएच-४७एफ २०२४ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीला आलं आहे. मित्राला सहवैमानिक म्हणून ऑनलाइन शेजारी बसवता येतं, ही मात्र मोठी जमेची बाजू.

कोकणातल्या घरात हे चालवायचं तर हवेचा विचार आधी करा. खाऱ्या वाऱ्याने यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर येतो, आणि पोटेन्शिओमीटरवर चालणाऱ्या जॉयस्टिकची पट्टी गंजून अक्ष उड्या मारू लागतो. उजवं कंट्रोल आणि एंटर दाबा. पडद्यावर कोपऱ्यात दांड्याची खूण येते. हात न लावता ती खूण थरथरत असेल तर दोष पट्टीचा आहे, उडवणाऱ्याचा नाही. तात्पुरता उपाय म्हणून अक्षाला दोन-तीन टक्क्यांचा मृत पट्टा (डेडझोन, ज्यात हालचाल धरली जात नाही) द्या. खरा उपाय म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि पुढची खरेदी चुंबकी हॉल सेन्सरची. दांडा आणि थ्रॉटल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कोरड्या तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्या, पण तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. पेडल गुळगुळीत लादीवर मागे सरकतात. खाली रबराची चटई घाला. काथ्याचं पायपुसणं उपयोगाचं नाही, तेच घसरतं.

विजेचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. ग्राफिक्स कार्ड जोरात असताना संगणक त्याहून जास्त ओढतो, आणि लाईट गेली की यूपीएस ओरडून त्याच क्षणी बंद होतो. १ केव्हीएचा घ्या. रॅम ३२ जीबी आणि एसएसडी धरूनच चाला. मूळ डाउनलोड फार मोठं आहे, पण तुटलं तरी पुढून सुरू होतं. म्हणून रात्री लावून ठेवा.

घेण्याआधी चाचणी घ्या. डीसीएसच्या स्वतःच्या आवृत्तीत मॉड्यूल १४ दिवस फुकट वापरता येतं. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या आवृत्तीत ही सोय नाही. पहिले चार दिवस फक्त चालू करणं, तरंगणं आणि ट्रिम. पुढचे चार १० ला १ चा उतार, वाऱ्यात तोंड करून. उरलेल्यात ३० अंश, ७५० मिलिमीटर आणि २ टनांचं ओझं. ते ओझं तुम्ही ठरवलेल्या चौकोनात सलग तीनदा ठेवता आलं तर घ्या, आणि शक्यतो सवलतीच्या काळात. ती वर्षातून बरेचदा लागते.