‘चिलेटेड कॉपर’च्या बाटलीत तांबंच नव्हतं

समुद्री माशांना वेल्व्हेट झाला होता, म्हणजे अंगावर बारीक पूड दिसणारा परजीवीचा रोग. त्यावर तांब्याचं औषध द्यायचं होतं. 80 लिटरचा हॉस्पिटल टँक, आजारी माशांची वेगळी टाकी. लेबलप्रमाणे 40 मिली टाकलं, 24 तासांनी पाण्यातलं तांबं मोजायच्या किटवर तांबं शून्य. विक्रेता म्हणाला, ‘आमचं चिलेशन (तांबं दुसऱ्या रसायनाला बांधून ठेवणं) वेगळं आहे, साध्या किटवर दिसत नाही. अजून 40 टाका.’ टाकलं. चारपैकी तीन मासे गेले.

निदान चुकलं नव्हतं, हे ठासून सांगतो. अमोनिया आधीच तपासला होता, शून्य. मासे पंपाच्या झोतात तोंड घालून उभे, दोन्ही कल्ले मिनिटाला सव्वाशेच्या वर हलत होते, अंगावर मात्र पूड नाही. वेल्व्हेट आधी कल्ल्यांतच शिरतो, पूड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कल्ल्यांतल्या कृमींचीही शंका होती, म्हणून तेच तापमान, तोच पीएच ठेवून 5 मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून पाहिलं. कृमी त्यात गळून तळाशी पडतात, तसं काही पडलं नाही. (कृमी असते तर प्राझिक्वांटेल, लिटरला 2.5 मिलिग्रॅम, आणि 5 ते 7 दिवसांनी पुन्हा, कारण अंडी त्याने मरत नाहीत.)

विक्रेत्याचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते चालतं. काही किट चिलेटेड तांबं नीट दाखवत नाहीत. पण माझं किट दाखवतं! आणि पाइपाला चिकटून आलेली गोगलगाय दुसऱ्या दिवशीही काचेवरचं शेवाळ खरवडत फिरत होती. तांब्याच्या पाण्यात गोगलगाय अशी फिरत नाही. मला माहीत होतं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि तरी दुसरे 40 मिली ओतले.

ज्या लेबलवर एका मिलीत किती मिलिग्रॅम तांबं आहे ते लिहिलेलं नाही, ती बाटली घेऊ नका. ‘वेल्व्हेट मारतं’ आणि ‘प्रवाळांना सुरक्षित’ एकाच लेबलवर असेल तर तिथेच परत ठेवा.

तक्रारीचं काय? विक्रेता म्हणतो, उघडलेली बाटली परत नाही. औषध खातं म्हणतं, शोभेच्या माशांचं द्रावण आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रार विभागाला प्रयोगशाळेचा अहवाल हवा. प्रयोगशाळेला त्याच विभागाचं पत्र हवं. ते पत्र देणारा माणूस रजेवर. अर्ज तीनदा दिला, तिन्ही वेळा तोच कागद पुन्हा मागितला!

नवी बाटली आली की आधी बादलीत 10 लिटर खारं पाणी घ्या, मोजून डोस घाला, अर्ध्या तासाने किट लावा. चिलेटेडसाठी 2.0 ते 2.5 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) तांबं लागतं. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, एअर स्टोन जोरात ठेवा, सोललेल्या कल्ल्यांना प्राणवायू कमीच मिळतो. मुख्य टाकी सहा आठवडे माशांविना, म्हणजे तिथला परजीवी उपाशी मरतो.

चौथा मासा दुसऱ्या बाटलीवर आहे. आज सकाळी किटवर 2.1, कल्ले मिनिटाला 90.