बिचेस ब्रू की हेड हंटर्स? फ्यूजनमधे आधी कुठून शिरायचं

जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझमधे रॉक-फंक आणि इलेक्ट्रिक वाद्यं मिसळलेलं संगीत, ऐकायचंय म्हटलं की बिचेस ब्रू आणि हेड हंटर्स या दोन अल्बमची नावं येतातच, आणि बहुतेक जण लगेच सांगतात की आधी हेड हंटर्स ऐक, सोपाय. मला ते अर्धंच पटतं. तुमचा कान कशावर तयार झालाय त्यावर आहे सगळं.

हेड हंटर्स पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा, १९७३ चा. चारच ट्रॅक, साधारण ४१ मिनिटं, म्हणजे एका बैठकीत होतो. पहिला 'कमेलियन' सुरू होतो तो नुसत्या बेसवर, आणि तो बेस गिटारवर नाहीये, हॅनकॉकने स्वतः सिंथेसायझरवर वाजवलाय. मग हार्वे मेसनचा ड्रम येतो, मग क्लॅव्हिनेटचं, म्हणजे एका इलेक्ट्रिक कीबोर्डचं, ते खरखरीत कुरकुर करणारं वाजणं, एकेक माणूस खोलीत येऊन बसावा तसं, आणि मुख्य धून येईपर्यंत तुमची मान हलायला लागलेली असते. अख्ख्या अल्बमवर गिटार नाही हे मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं, इतकं ते क्लॅव्हिनेट गिटारची जागा भरून काढतं. 'वॉटरमेलन मॅन' हॅनकॉकचंच १९६२ चं जुनं गाणं, इथे त्याची सुरुवात तालवादक बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकून करतो, मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांच्या फुंकून वाजवायच्या पद्धतीवरून घेतलेलं. ठेका पक्का, फंक (नाचायला लावणारं ठेकेदार अमेरिकन संगीत) सरळ अंगात उतरतो. गाण्यात आधी ताल शोधणाऱ्याने इथूनच सुरू करावं, दुसरा विचार नको.

बिचेस ब्रूचं प्रकरण वेगळंय. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ऑगस्ट १९६९ मधे न्यूयॉर्कला तीन दिवसांत रेकॉर्ड केला, १९७० ला आला, दोन एलपी, म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू, दीड तासाच्या वर. टायटल ट्रॅकच २७ मिनिटांचा. पहिल्यांदा लोक इथे गोंधळतात कारण धरायला धूनच सापडत नाही, दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो एकमेकांत मिसळतात, दोन ड्रमर एक या कानात एक त्या कानात, आणि खाली बेनी मॉपिनचं बेस क्लॅरिनेट, खर्जातलं फुंकवाद्य, गुरगुरत असतं. त्यात निर्माता टिओ मासेरोने टेप कापून जोडलीये, 'फॅरोज डान्स'च्या सुरुवातीला तेच तुकडे फिरून येतात ते त्यामुळेच. चुकून झालेलं नाही ते, रचनाच तशी आहे.

पण ज्याने रात्रभर बसून विलंबित ख्याल ऐकलाय त्याला हा अल्बम अवघड जायचं कारण नाही असं माझं ठाम मत आहे. आलापीत आपण धूनेची वाट बघतो का? नाही, स्वर कसा लागतोय ते बघतो. टायटल ट्रॅकला माइल्सचा ट्रम्पेट एक छोटा स्वर टाकतो, त्याचा इको घुमत लांब जातो, आणि मधली शांतता तो तशीच राहू देतो, भरत नाही. तिथे कान लावा. अशा श्रोत्याला मी उलट आधी बिचेस ब्रूच देईन, फक्त पहिल्या ट्रॅकपासून नको. 'स्पॅनिश की'पासून सुरू करा, त्यात चाल आहे, किंवा 'माइल्स रन्स द व्हूडू डाउन', त्यातला ड्रमचा संथ ठेका ड्रमर डॉन अलायसने न्यू ऑर्लिन्सहून उचललेला, तो धरला की बाकी सगळं त्यावर उभं राहतं. जॉन मॅकलॉक्लिनची गिटारही नीट ऐका, हाच पुढे आपल्या झाकीर हुसेनांबरोबर 'शक्ती' या बँडमधे बसला.

एक मात्र, मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही ऐकू नका प्लीज. हेड हंटर्सचा बेस गायब होतो आणि बिचेस ब्रूचा नुसता गलका होतो. हेडफोन साधे चालतील. हेड हंटर्स घरात काम करतानाही लावता येतो, बिचेस ब्रूला मात्र रात्रीचा निवांत वेळ काढा, आणि एका दिवसात एकच बाजू, वीस-पंचवीस मिनिटं बास.

आणि दोन्ही ऐकून झाले की हेड हंटर्सचा शेवटचा 'व्हेन मेल्टर' परत लावा. तिथलं बेस क्लॅरिनेट त्याच बेनी मॉपिनचं आहे, तिकडे गर्दीत गुरगुरणारा माणूस इथे मोकळ्या जागेत किती हळुवार वाजवतो बघा.